पाणी माणशी

६ जानेवारी

प्रिय टिल्लू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. म्हणजे ठीक कुठले, पण आजारी कुणी नाही. फोनच करणार होते, पण छापखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान नेले. मी हळू बोलले तर तुला ऐकू येत नाही आणि ओरडले तर हॉलमध्ये बसलेल्या यांना सगळं ऐकू जातं. आणि हे यांना अजिबात कळायला नकोय.

झालं असं, की इमारतीचं बिल आलं. बिलं हा यांचा प्रांत, मी कधी पाकिटाला हात लावत नाही. पण यांचा गुडघा धरलाय, खाली उतरत नाहीत, म्हणून मी पेटीतून पाकीट काढलं आणि लिफ्टमध्येच फोडलं. आमच्याकडची पद्धत तुला माहीत नसेल. जिन्यातले दिवे आणि झाडलोट सगळ्यांना सारखी, लिफ्ट मजल्याप्रमाणे, आणि पाणी माणशी. अख्ख्या इमारतीला एकच मीटर. जे बिल येतं ते इमारतीतल्या डोक्यांनी भागायचं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी एका रविवारी सेक्रेटरी दारोदार फिरते आणि विचारते, "किती माणसं?" आपण सांगू तो आकडा. सही नाही, पुरावा नाही, सगळं विश्वासावर. ही सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीणबाई. तिच्यासमोर खोटं बोलायचं म्हणजे आधी तोंड उघडायला लागतं, त्यामुळे कुणी बोलत नाही. रविवारी मी चष्म्याच्या दुकानात असते, म्हणून दार नेहमी हेच उघडतात.

तर आमच्या बिलात पाणी लावलंय तीन माणसांचं.

टिल्लू, तीन! कुठून आणू मी तिसरा? पोरगा पावसाळ्यात गेला तो गेलाच. तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं, तू "हं हं" करत होतास, किती ऐकलंस देव जाणे. यांनी शब्द टाकून लावलेली नोकरी त्याने न विचारता सोडली, कुठल्याशा सुताराकडे मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला जायला लागला. महिनाभर आम्हाला पत्ता नाही! कळलं त्या दिवशी तो अंघोळीला गेला होता, नेहमीसारखा तासभर. यांनी बाहेरून दारावर थापा मारल्या. "फुकटचं पाणी आहे का?" तिथून सुरू झालं ते कुठल्या कुठे गेलं. शेवटी हे म्हणाले, "आजपासून या घरात दोनच माणसं." तो ओल्या केसांनी पिशवी भरून निघाला. मी जिन्यात धावले तोवर लिफ्ट खाली पोचली होती.

तेव्हापासून कधीमधी निरोप येतो, "आई, मी मजेत आहे, शोधू नकोस." लगेच फोन केला तर बंद. हे त्याचं नावही काढत नाहीत. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की माझ्या हातातलं काम सुटतं, आणि ती समोरच्यांकडे आलेली असते. परवा एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली मी. तीस वर्षांत झालं नव्हतं असं.

आता त्या बिलातला "तीन" मी चष्मा पुसून परत वाचला. डॉक्टरीणबाई जुनाच आकडा चालवतेय की काय? यांनी तो पाहिला तर परत आग लागेल घरात. तू एकटा जीव, तुला वेळच वेळ आहे. काय करू ते सांग.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

प्रिय ताईस, सा. न.

भांड! सरळ जाऊन भांड. बिलाच्या बाबतीत भिडस्तपणा केला की लोक डोक्यावर बसतात. दाजींना कशाला विचारायचं? ते उठतील, सगळ्या इमारतीचं पाणी मोजत बसतील. तू जिन्यात चार लोकांसमोर त्या दातवाल्या बाईला गाठ आणि म्हण, "आम्ही दोन आहोत, तीन का लावलेत?" चार लोकांसमोर म्हण, म्हणजे तिला टाळता येणार नाही.

आमच्याकडेही पाणी माणशीच आहे. मागच्या वेळी माझं बिल एकदम चढलं. मी तडक चष्मा लावून बसलो, भागाकार केला, दोन माणसांचं बरोबर निघालं म्हणून गप्प राहिलो. नाहीतर आमच्या सेक्रेटरीची काही धडगत नव्हती. बिल कसं वाचायचं ते माझ्याकडून शीक.

पोराची उगाच काळजी करू नकोस. या वयात पोरं जातात. जेवत असेल वेळेवर, झोपत असेल, आणखी काय पाहिजे? मला तरी वाटतं तो बरा असेल. असं आपलं वाटतं.

अक्षर या वेळी लागतंय ना? टेबल डुगडुगायचं थांबलंय.

तुझा,
टिल्लू (सध्या वजन ब्याऐंशी किलो)


२१ जानेवारी

टिल्लू,

तुझं ऐकलं आणि घात झाला.

काल डॉक्टरीणबाई जिन्यात भेटली. वरच्या मजल्यावरची दोघं होती, झाडणारी होती. मी आवाज चढवला. म्हटलं, "बाई, आम्ही दोन माणसं, बिलात तीन कसे? तुम्ही काय डोळे मिटून लिहिता?" ती शांतपणे म्हणाली, "काकू, मी मोजणीला आले तेव्हा काकांनीच तीन सांगितले. मी विचारलं होतं, मुलगा परत आला का? तर म्हणाले, तीन लिहा आणि पुढच्या दाराला जा. त्याच्या आधीच्या वेळीही तीनच म्हणाले होते."

मी बिलाची घडी केली आणि तशीच वर निघाले रे.

तू यांना ओळखतोस. जन्मभर वजनमापांची तपासणी केली. तराजूत केसाएवढा फरक असला तरी दुकान बंद करायचे. सख्ख्या मावसभावाच्या दुकानालाही सोडलं नव्हतं. आमच्या लग्नात वाढप्याला म्हणाले होते, "या डावात आणि त्या डावात फरक आहे." असा माणूस दारात उभा राहून आकडा खोटा सांगतो? एकदा नाही, दोनदा?

घरी आले तर हे स्वयंपाकघरातला नळ पिळत होते. थेंब गळतो म्हणे. मी मागे उभी राहून यांच्या मानेकडे बघत राहिले. अस्सा राग आला! मी इतके महिने उशीत तोंड खुपसून रडतेय, आणि हा माणूस दारात परक्या बाईला सांगतो की माझा मुलगा घरात आहे! मग मला सांगायला काय झालं होतं? एक शब्द बोलायला पैसे पडत होते का?

पण विचारलं नाही. विचारलं तर इरेला पेटतील, "चूक झाली, दोन" म्हणतील, आणि आता पुन्हा यांच्या तोंडून तो आकडा बाहेर पडला की हे तो मरेपर्यंत बदलणार नाहीत. मग पोरासाठी दार खरंच बंद. आणि मी काय करून ठेवलंय बघ! चार लोकांसमोर बोलले ना, आता डॉक्टरीणबाई म्हणते, "यात घोळ नको, बाकीच्यांवर बोजा पडतो. मार्चच्या पहिल्या रविवारी मोजणी आहे, त्या दिवशी तुम्ही घरी थांबा, मी दोघांसमोर विचारते." दोघांसमोर! मी समोर उभी असताना हे काय म्हणतील? अंथरुणाला पाठ लागत नाही. त्याच्या आत पोरगा सापडायला हवा. तुझ्या ओळखीचे लोक आहेत, सुतारांकडे, दुकानांत विचार. माझ्यासाठी एवढं कर.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

पत्र मिळालं. दोनतीनदा वाचलं. दाजी तीन म्हणाले, हे त्या बाईने नक्की ऐकलं ना? तिच्या त्या दात कोरायच्या यंत्राच्या आवाजात काहीतरी वेगळंच ऐकलं नसेल?

चौकशी करतो. थोडा धीर धर. इथे थंडी आहे. मी बरा आहे.

टिल्लू


६ फेब्रुवारी

टिल्ल्या,

तू आणि तीन ओळींचं पत्र? तू किराणा मालाची यादी दोन पानं लिहितोस! मी म्हटलं काहीतरी शिजतंय. तुझी सगळी पत्रं काढून बसले, दुकानातच, गिऱ्हाइकाला थांबवून.

आता तू उत्तर दे. तू एकटा राहतोस. तुझ्या घरात तुझ्याशिवाय मांजरसुद्धा नाही. मग तुझं पाण्याचं बिल दोन माणसांचं बरोबर कसं निघालं? भागाकार येतो ना तुला? मग शिकव मला!

आणि ते टेबल. गेली वीस वर्षं तुझं अक्षर खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी चालल्यासारखं येतंय. पायाखाली पुठ्ठा घाल म्हणून मी सांगून थकले. ते टेबल आपोआप थांबलं का डुगडुगायचं? कुणी दुरुस्त केलं?

तो तुझ्याकडे आहे.

मी इथे लिफ्टचे आवाज ऐकत बसलेय आणि तू मला लिहितोस, "जेवत असेल वेळेवर"! तुझ्यासमोर बसून जेवत होता ना तो? मला इतका संताप आलाय की समोर असतास तर कान पिळला असता, तसाही त्याचा काही उपयोग नाही. आणि त्याच वेळी असं वाटतंय की धावत येऊन तुझ्या पाया पडावं. टिल्लू, तो बरा आहे ना? बारीक झालाय का? दोन्ही वेळा जेवतो का? उलट टपाली लिही. नुसतं "आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

आहे.

आता मार मला. तो पावसाळ्यात, भर दुपारी, माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "मामा, आईला सांगितलंस तर इथूनही जाईन, आणि मग तुलाही कळणार नाही कुठे." ताई, त्याचं तोंड बघून माझी छाती झाली नाही. वाटलं, निदान माझ्या नजरेसमोर आहे. तुला निरोप पाठवायला मीच त्याच्या मागे लागायचो. तुझं पत्र आलं की दोन दिवस मला घास गोड लागायचा नाही. माझं चुकलं. तुझ्या जागी मी असतो तर तोंड पाहिलं नसतं माझं.

तो बारीक झालेला नाही. खांदे भरलेत. इथल्या एका दुकानात खुर्च्या विणतो, पाय बसवतो, पॉलिश करतो. मालक बाई आहे, कडक आहे, त्याच्यावर खूश आहे. घरातली प्रत्येक वस्तू त्याने सरळ केलीय, मला सवय नसल्याने मी अडखळतो. अंघोळीला अजूनही तासभर लागतो. मोजणीला आमचा सेक्रेटरी आला तेव्हा माझ्या तोंडून खरं तेच निघालं, दोन. तोच आकडा तुला फुशारक्या मारत लिहून बसलो. गाढव आहे मी.

तुझं जानेवारीचं पत्र, ते तीनचं, त्याला वाचून दाखवलं. तो उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. खूप वेळ. आत पाण्याचा आवाज होता म्हणून बाकीचं काही ऐकू आलं नाही, असं समज. त्या दिवशी मी बिलाची पर्वा केली नाही.

बाहेर आला तर डोळे लाल. म्हणाला, "दारात दातांच्या डॉक्टरला सांगतात, मला सांगत नाहीत." मी म्हटलं, "चल, मी येतो बरोबर." तर म्हणे, "मामा, त्यांनी जा म्हटलं होतं. ये पण त्यांनीच म्हणायला हवं. तोंडाने." बापाचंच रक्त आहे, तू काय आणि मी काय, दोघांपुढेही हात टेकणार.

मार्चची मोजणी जवळ आलीय. आता दाजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी परत तुला सल्ला देणार नाही.

तुझा अपराधी,
टिल्लू


२० फेब्रुवारी

टिल्लू,

घाईत लिहितेय. हे गेले.

घाबरू नकोस, घरातून गेले म्हणतेय. काल जेवताना मी सांगून टाकलं. सगळं नाही, एवढंच म्हटलं, "तो टिल्लूकडे आहे. खुर्च्या विणतो." यांनी घास खाली ठेवला. हात धुतला, नळ बंद केला, मग परत जाऊन नळ बंद आहे का ते बघितलं. मी म्हटलं, "काहीतरी बोला हो!" तर म्हणाले, "भाजीत मीठ जास्त आहे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ताट उचलून आत निघून गेले. मीसुद्धा बोलले नाही, ही माझी अक्कल.

आज दुकानातून आले तर बॅग नाही, काठी नाही, गुडघ्याचं तेल नाही. फोन टेबलावरच. चिठ्ठी नाही, काही नाही. समोरच्या घरातली म्हणते, दुपारीच लिफ्टने उतरले, बसस्टँडकडे जाणारी रिक्षा केली.

कशासाठी येताहेत तिकडे? आणायला की पुन्हा भांडायला? मला काही कळत नाही. इकडून तिकडे नुसत्या येरझारा चालल्यात माझ्या. भांडायला आले असतील तर दार उघडू नकोस, शपथ आहे तुला. आणि आणायला आले असतील आणि पोरगा दुकानात असला तर यांना बसवून घे, गरम चहा दे, परत जाऊ देऊ नकोस. त्या गुडघ्याने कसे चढतील तुझे जिने? तुझ्याकडे लिफ्टही नाही.

फोन करते आहे पण तू उचलत नाहीस. ऐकू येत नसेल तर निदान पोराला उचलायला सांग!

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

पोराने फोनवर तुला "पोचले" एवढं सांगितलं. बाकीचं त्याला सांगता येणार नाही, म्हणून मी लिहितो.

सकाळी बेल वाजली. मला अर्थातच ऐकू आली नाही. त्याने दार उघडलं. मी आतून बघतो तर दारात दाजी. एका हातात काठी, एका हातात बॅग, जिने चढून धाप लागलेली. पोरगा दार धरून उभा. आत या म्हणेना, आणि हे आत येईनात. वाटलं, आता आवाज चढणार.

दाजींनी श्वास घेतला. तुमच्या त्या डॉक्टरीणबाईसारखं सरळ उभं राहून विचारलं,

"इथे किती माणसं?"

पोरगा म्हणाला, "दोन."

"एक जास्त आहे," दाजी म्हणाले. "आमच्याकडे तीन धरलीयेत. एक माणूस दोन ठिकाणी धरत नाहीत."

पोरगा खाली बघत म्हणाला, "मग तिकडचं कमी करा."

ताई, मी दाजींना चाळीस वर्षं ओळखतो. त्यांची हनुवटी हललेली मी पहिल्यांदा बघितली. म्हणाले, "ते मला जमत नाही. दोनदा प्रयत्न केला. बाई समोर उभी असते, दोन म्हणायचं ठरवलेलं असतं, आणि तोंडातून तीन येतं." मग अगदी हळू, मला ओठांवरूनच कळलं, "ये रे घरी."

पोराने त्यांच्या हातातली बॅग घेतली. बस्स, एवढंच झालं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन जो रडलो! चहा उतू गेला.

आता पुढचं ऐक. पोराने एका घराच्या खुर्च्या घेतल्यात, त्या अर्ध्या टाकून येणार नाही म्हणतो. हे म्हणतात, "बरोबर आहे, काम अर्धं टाकायचं नाही," आणि त्याला घेतल्याशिवाय मी जाणार नाही म्हणून ठाण मांडून बसलेत. रोज काठी टेकत दुकानात जातात, खुर्चीचे चारही पाय सारखे आहेत का ते मोजतात. परवा एका पायात फरक काढला. मालक बाई यांच्यावरही खूश! नोकरी सोडली त्याबद्दल अजून एक शब्द बोललेले नाहीत, बोलतील तेव्हा भांडण होईलच, मी कानातलं यंत्र काढून ठेवीन. तिकडे आल्यावर पोरगा तुमच्या भागातच काम शोधणार आहे, हेच खुर्च्यांचं. दाजींना सांगून झालंय. ते म्हणाले, "बघू." दाजींचं "बघू" म्हणजे काय ते तुला माहीत.

काल पोरगा अंघोळीला गेला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. दाजी उठले, बाथरूमच्या दारापाशी गेले. मी खुर्ची धरून बसलो. त्यांनी थाप मारायला हात उचलला, तसाच खाली घेतला आणि परत येऊन बसले.

दहा-बारा दिवसांत दोघं येतील. तोवर इथे तीन डोकी आणि तिकडे तू एकटी. रविवारची मोजणी तुलाच बघायला लागणार.

तुझा,
टिल्लू


१ मार्च, रविवार

प्रिय टिल्लू,

मी आज सुट्टी घेतली. सकाळपासून चारदा हॉल झाडला. लिफ्ट तीनदा आमच्या मजल्यावर थांबली, तिन्ही वेळा उठले, तिन्ही वेळा समोरच्यांकडे. चौथ्या वेळी बेल वाजली.

डॉक्टरीणबाई होती. माझ्या खांद्यावरून आत बघितलं. यांची खुर्ची रिकामी, हॉल रिकामा, गॅसवर एका माणसाचं आधण. बिचारी अवघडून म्हणाली, "काकू, काका पण नाहीत का घरी? मग मी काय लिहू? किती माणसं?"

मी म्हटलं, "तीन."

तिने लिहिलं आणि पुढच्या दाराला गेली. दार लावलं आणि आत येऊन मी बाथरूमचा नळ सोडून बघितला. गरम पाणी यायला अजूनही वेळच लागतो. यांना म्हणावं, येताना नळाचा वायसर आणा. पोराला म्हणावं, टॉवेल धुऊन ठेवलाय.

तुझी,
ताई